पन्नास माणसांचा जंगलातला मुक्काम : प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्कच्या जुन्या केबिन्स भाड्याने घेताना

वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपुढे दर उन्हाळ्यात एक ठरलेला प्रश्न येतो. दहा-बारा कुटुंबं, त्यांची मुलं, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-बाबा, एवढ्या सगळ्यांनी दोन रात्री एकत्र राहायचं कुठे? हॉटेलात खोल्या मिळतात, पण मैफल जमवायची तर लॉबीत, आणि तिथला माणूस दहाच्या ठोक्याला घड्याळाकडे बघायला लागतो. भाड्याचं मोठं घर घ्यावं तर निम्मी मुलं जमिनीवर झोपणार. तंबूचं नाव काढलं की सासूबाई नुसतं बघतात.

यावर जवळच एक चांगला उपाय आहे. डीसीपासून साधारण ३५ मैलांवर, व्हर्जिनियात ट्रँगल गावाशेजारी, प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्क हे राष्ट्रीय उद्यान सेवेचं जंगल आहे. आय-९५ च्या १५० नंबरच्या एक्झिटला उतरलं की आलंच. सुमारे १५ हजार एकर जंगल, त्यात ३७ मैल पायवाटा, क्वांटिको क्रीकचं पाणी, आणि १९३० च्या दशकात बांधलेले पाच केबिन कॅम्प : गुडविल, मावावी, ओरेंडा, प्लेझंट आणि हॅपीलँड. यातले बहुतेक कॅम्प मोठ्या गटांना मिळतात. ओरेंडात, म्हणजे तीन नंबरच्या कॅम्पात, मात्र सुट्या केबिन्स मिळतात. दोन-तीन कुटुंबंच असाल तर थेट तिकडे वळा. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

आधी कॅम्पचा इतिहास, कारण खोल्यांची वाटणी त्यावरच ठरते

इतिहास म्हटलं की आपण फलक वाचून पुढे जातो. इथे तसं करून चालत नाही, कारण हा कॅम्प कशासाठी बांधला हे कळलं की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

महामंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर काढली. १९३३ ते १९४२ या काळात लाखो बेकार तरुणांना तिच्यातून काम मिळालं. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ डॉलर थेट घरी जायचे. याच काळात कसदार नसलेल्या शेतजमिनी विकत घेऊन तिथे शहरी गरिबांसाठी सहलीच्या जागा उभारण्याची एक योजना निघाली. देशभरात २४ राज्यांत अशा ४६ जागा झाल्या, आणि त्या बांधायला या तरुणांचेही हात लागले. १९३६ साली सुरू झालेली चोपवॉम्सिक ही त्यांपैकी एक, आणि तिलाच १९४८ मध्ये आजचं नाव मिळालं. डीसीच्या दाटीच्या वस्त्यांतली मुलं उन्हाळ्यात इथे आणून ठेवायची, अशी कल्पना होती.

आता महत्त्वाचा भाग. शंभर मुलांना एका बराकीत कोंबू नये, त्यांचे छोटे गट करावेत, प्रत्येक गटाला आपलं वेगळं घर असल्यासारखं वाटावं, हा त्या वेळच्या कॅम्प आखणाऱ्यांचा आग्रह होता. म्हणून प्रत्येक कॅम्पचे 'युनिट' पाडले आहेत. एका युनिटमध्ये झोपायच्या काही केबिन्स, शेकोटीची चूल असलेला एक लॉज आणि जवळच स्वच्छतागृह. युनिट एकमेकांना दिसू नयेत अशी मुद्दाम झाडांआड ठेवलेली. मधोमध सगळ्यांचं जेवणघर. थोडक्यात, तुम्ही घर भाड्याने घेत नाही, वाडी घेता. या आळीतून त्या आळीत जायचं तर चालावं लागतं, आणि रात्री तिथे अक्षरशः मिट्ट काळोख असतो.

त्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि मुलांना ती सांगावी असं मला वाटतं. हे कॅम्प गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगवेगळे होते. जमीन घेताना इथली शेतकरी कुटुंबं हलवली गेली. जॉप्लिन, हिकोरी रिज ही गावं आता नकाशावर फक्त नावापुरती उरली आहेत. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत मोठे झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जंगलात त्या कुटुंबांची छोटी दफनस्थळं अजून आहेत. तिथले दगड मुलांना हलवू देऊ नका. मुलांना आवडणारी गोष्ट हवी असेल तर हीही आहे : दुसऱ्या महायुद्धात हे पार्क लोकांसाठी बंद करून इथे ओएसएस या गुप्तहेर संघटनेचं प्रशिक्षण चालायचं. सीआयए पुढे तिच्यातूनच घडली. 'तुम्ही झोपताय तिथे हेर झोपायचे' एवढं सांगितलं की आठ वर्षांची मुलं आयपॅड विसरतात, निदान तासभर.

माणसं मोजा, मग तारीख

आपल्याकडे उलटं होतं. आधी व्हॉट्सअॅपवर तारखेचं मतदान, मग 'आम्ही बहुतेक येऊ', मग शेवटच्या आठवड्यात गळती. कॅम्पचं भाडं डोक्यामागे नसतं, जागेचं असतं. तीन कुटुंबं गळली की त्यांचा वाटा उरलेल्यांवर पडतो. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक कुटुंबाकडून पैसे घ्या, नुसता होकार नको. वाटणी करताना मोठ्यांचा पूर्ण वाटा, शाळकरी मुलांचा अर्धा आणि पाच वर्षांखालच्यांचा शून्य, हे गणित बहुतेकांना पटतं. आई-बाबांचा वाटा घ्यायचा का, यावर वाद घालू नका. घ्या.

एक प्रमुख नेमा. बुकिंग त्याच्या नावावर, रेंजरशी बोलणं त्याचं, चावी किंवा कुलपाचा नंबर त्याच्याकडे, आणि शेवटी झालेल्या नुकसानीचा जबाबही तोच देणार. हा माणूस स्वतः दोन्ही रात्री तिथे राहणारा हवा. पोहोचल्यावर बुकिंगवाल्याचं फोटो ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं, त्यामुळे ज्याचं क्रेडिट कार्ड जास्त पॉइंट देतं त्याच्या नावावर बुकिंग करून तो रविवारी सकाळी उगवणार, ही व्यवस्था कामाची नाही.

महिना निवडताना लक्षात घ्या की या लाकडी केबिन्स आहेत. एसी नाही. जुलैतली व्हर्जिनिया म्हणजे कोकणातला मे महिना, फक्त समुद्राचा वारा वजा. मे महिन्याचा उत्तरार्ध बरा असतो. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर उत्तम : पानं रंगू लागतात, डास कमी होतात, आणि कोजागिरी याच दिवसांत येते. जंगलात मोकळ्यावर मसाला दूध करायला याहून चांगली जागा डीसीजवळ शोधून सापडणार नाही. मात्र प्रत्येक कॅम्पचा हंगाम वेगळा असतो, त्यामुळे 'ऑक्टोबरमध्ये जाऊ' असं जाहीर करण्याआधी तो कॅम्प तेव्हा उघडा आहे का ते बघा.

बुकिंग

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. खातं आधीच उघडून ठेवा, कार्ड जोडून ठेवा. प्रत्येक जागेचं बुकिंग किती आधी उघडतं ते त्या जागेच्या पानावर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते पूर्वेच्या वेळेनुसार सकाळी १० वाजता उघडतं. मेमोरियल डे, लेबर डेचा लाँग वीकेंड हवा असेल तर त्याचं बुकिंग उघडण्याच्या दिवशी मुख्य माणसाने ९:५५ ला लॉगइन होऊन बसावं. शाळा, चर्च, स्काउट हे गट वर्षानुवर्षं इथे येतात आणि त्यांना सगळं पाठ असतं.

पान उघडल्यावर चार गोष्टी वाचल्याशिवाय पैसे भरू नका : सबंध कॅम्प घ्यावा लागतो की एकेक युनिटही मिळतं, किती रात्रींची किमान अट आहे, माणसांची कमाल संख्या किती, आणि स्वयंपाकघर भाड्यात धरलं आहे का. कमाल संख्येत तान्ही मुलंही मोजली जातात असंच धरून चाला.

रद्द करण्याचा या साइटचा केबिन्स आणि ग्रुपच्या जागांसाठीचा साधारण नियम असा : मुक्कामाच्या १४ दिवसांच्या आत रद्द केलं तर १० डॉलर शुल्क आणि पहिल्या रात्रीचं भाडं दोन्ही जातं. तुमच्या बुकिंगच्या पानावर याहून वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. गटातल्या गळतीची शेवटची तारीख म्हणून मुक्कामाआधीचा विसावा दिवस ठेवावा, म्हणजे हिशेब करून निर्णय घ्यायला हातात काही दिवस उरतात.

केबिनचं भाडं वेगळं आणि पार्कचं गाडीमागचं प्रवेशशुल्क वेगळं. ज्यांच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास आहे त्यांच्या गाडीला प्रवेशशुल्क पडत नाही. घरात चौथीत शिकणारं मूल असेल तर त्या वर्षी त्याला 'एव्हरी किड आउटडोअर्स' योजनेतून मोफत पास मिळतो आणि त्यावर सबंध गाडी आत जाते. केबिनच्या भाड्यावर यातल्या कशानेही सूट मिळत नाही, हे गटातल्या हिशेबी काकांना आधीच सांगून ठेवा.

तुमचं मंडळ तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणार असेल तर तो खाजगी मुक्काम राहत नाही. अशा कार्यक्रमाला वेगळा परवाना लागू शकतो, त्यामुळे पार्कच्या ऑफिसला आधी फोन करा.

कोण कुठे झोपणार

वर युनिटचं सांगितलं ते इथे कामाला येतं. कॅम्पचा नकाशा मागवून घ्या आणि घरी बसूनच वाटणी करा. तिथे पोहोचल्यावर अंधारात करायला गेलात तर रुसवेफुगवे ठरलेले.

जेवणघराला आणि स्वच्छतागृहाला सगळ्यात जवळचं युनिट आजी-आजोबांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना. यात तडजोड नाही. रात्री दोन वाजता उठून टॉर्च घेऊन मुळं, पायऱ्या, दगड चुकवत जायचं असतं, आणि गुडघेदुखीवाल्या माणसाला ते दोनदा करावं लागलं तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. ज्यांना खरंच चालता येत नाही त्यांच्यासाठी कोणत्या इमारतींत रॅम्प आहे हे रेंजरला आधी विचारा.

सगळ्यात लांबचं युनिट किशोरवयीन मुलांना, सोबत दोन मोठी माणसं, आणि ती दोन माणसं घोरणारी असली तर दुधात साखर. मधली युनिट बाकी कुटुंबांना. एका केबिनमध्ये अनेक खाटा असतात, त्यामुळे दोन कुटुंबं एकत्र येतातच. कोण कोणाबरोबर हे ठरवताना मैत्रीपेक्षा झोपायच्या वेळा जुळवा.

खाट आणि गादी मिळते, बाकी सगळं आपलं : चादरी, उशी, पांघरूण किंवा स्लीपिंग बॅग, टॉवेल. प्रत्येक माणसामागे एक टॉर्च, घरामागे नव्हे. आंघोळीची जागा सामायिक असते, म्हणून रबरी चपला आणि, हसू नका, एक बादली-मग. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना शॉवरखाली उभं राहून आंघोळ करणं जमत नाही आणि ते तसं सांगतही नाहीत. केबिनमध्ये वीज, पंखा, हीटर काय आहे हे कॅम्पनुसार पानावर वाचून घ्या. जे लिहिलेलं नाही ते नाहीच असं समजा.

स्वयंपाकघर

ग्रुप कॅम्पचं खरं वैभव हे. हॉटेलात असतात तसल्या मोठ्या गॅसच्या शेगड्या, मोठा फ्रीज, लांबलचक टेबलं. पण भांडी किती आहेत आणि कोणती आहेत याचा भरवसा धरू नका. आपली दोन मोठी पातेली, परात, झारा, उलथनं, लाटणं, मोठा कुकर, विळी आणि गाळणी इथून न्यायची. चहाची गाळणी हमखास विसरते. तिच्याशिवाय पन्नास माणसांची सकाळ फार वाईट जाते.

मेनू ठरवताना उत्साहाला आवर घाला. पन्नास माणसांना पोळ्या करणं म्हणजे चार बायकांची सहल संपवणं. पोळ्या विकतच्या न्या, नाहीतर भातावर भर द्या. एका जेवणाला माणशी ८० ते १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे पन्नास जणांना चार-पाच किलो. पोह्यांना माणशी ८० ग्रॅम पुरतात. शुक्रवारी रात्री माणसं तुटक तुटक येतात, कारण शुक्रवारी दुपारनंतर आय-९५ दक्षिणेकडे तुंबतो. म्हणून त्या रात्री गरम करून वाढता येईल अशी घरून आणलेली मिसळीची उसळ किंवा राजमा ठेवा. शनिवारी दुपारी पिठलं-भात-ठेचा. संध्याकाळी ग्रिलवर कणसं आणि मुलांसाठी जे काय ते. रविवारी सकाळी उपमा, आणि मग काहीही शिजवायचं नाही. का, ते पुढे येईल.

पाळ्यांची यादी भिंतीवर लावा, आणि तीत पुरुषांची नावं भांड्यांसमोर असू द्या, फक्त ग्रिलसमोर नको.

स्वयंपाक फक्त जेवणघरात किंवा बाहेरच्या ग्रिलवर. झोपायच्या केबिनमध्ये इंडक्शन नाही, चहाची किटली नाही, चिवड्याची पुडीसुद्धा नाही. लाकडी भिंतींत उंदीर राहतात, बाहेर रकून फिरतात, आणि दोघांनाही शेव आवडते.

आग, आवाज आणि देवाची पूजा

ऐंशी-नव्वद वर्षांच्या लाकडी इमारती आहेत. आत समई, निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवू नका. शनिवारच्या आरतीला बॅटरीचे दिवे चालतात. देवाची त्याला हरकत असल्याचं ऐकिवात नाही. गणपतीच्या दिवसांत गेलात तर ओढ्यात विसर्जन करायचं नाही. निर्माल्य, रंग, शाडू काहीच पाण्यात सोडायचं नाही, ते घरी न्यायचं.

शेकोटी नेमून दिलेल्या जागीच. लाकडं घरून आणू नका : लाकडातून झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. इथली अॅशची झाडं अशाच एका हिरव्या भुंग्याने मोठ्या प्रमाणावर मेली आहेत. उष्णतेची प्रक्रिया केलेली, शिक्का असलेली लाकडं विकत घ्या.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता. दिवसाही राष्ट्रीय उद्यानांत स्पीकरचा आवाज ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये, म्हणजे साध्या बोलण्याएवढाच. ढोल-ताशा घरीच राहू द्या. भेंड्या, पेटी-तबला, कोणाला येत असेल तर बासरी, एवढं पुरतं. ड्रोन राष्ट्रीय उद्यानांत बंद आहे, त्यामुळे ग्रुप फोटो जमिनीवरूनच. कुत्रा न्यायचा विचार असेल तर आधी विचारा, केबिन कॅम्पचे नियम पायवाटांपेक्षा कडक असतात.

आवाजाबद्दल आणखी एक. शेजारीच क्वांटिकोचा मरीन कोअरचा तळ आहे. तिथला गोळीबार आणि स्फोटांचा दणका कधीकधी पार्कमध्ये ऐकू येतो. आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर आजोबा रात्रभर जागे.

दिवसभर काय करायचं

फार नाही, यातच मजा आहे. पायराइट खाणीच्या वाटेवर जा : १८८९ ते १९२० पर्यंत इथे पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं खनिज, काढायचे, त्या कॅबिन ब्रँच खाणीच्या खुणा ओढ्याकाठी दिसतात. चमकणारे दगड मुलांच्या खिशात जातात, ते परत ठेवायला लावा, पार्कातून काहीच नेता येत नाही. कंटाळा आलाच तर मरीन कोअरचं मोठं संग्रहालय काही मिनिटांवर आहे.

डीसीजवळ राहत नसाल तर

मेरीलँडमध्ये थर्मोंटजवळ कॅटॉक्टिन माउंटन पार्क याच योजनेतून उभं राहिलं. तिथे मिस्टी माउंटमध्ये सुट्या केबिन्स आहेत आणि ग्रीनटॉप हा ग्रुप कॅम्प आहे. तिसऱ्या कॅम्पचं १९४२ मध्ये रूझवेल्टने विश्रामस्थान केलं, तेच आजचं कॅम्प डेव्हिड. राष्ट्राध्यक्ष मुक्कामाला असले की आसपासचे काही रस्ते बंद होऊ शकतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. कॅरी-रॅलेची मंडळी उमस्टेड स्टेट पार्क बघू शकतात, अटलांटाची हार्ड लेबर क्रीक, मिनेसोटाची सेंट क्रॉय, आणि बे एरियाची मेंडोसिनो वुडलँड्स. सगळी त्याच ४६ मधली. मात्र ही शेवटची चार राज्यांच्या अखत्यारीत असल्याने बुकिंगची साइट आणि नियम वेगळे.

निघताना, आणि घरी गेल्यावर

रविवारी उपम्यानंतर काही शिजवायचं नाही असं म्हटलं, कारण स्वयंपाकघर घासायला दहा माणसांना दोन तास लागतात. हळदीचे डाग, तेलाचा ओट्यावरचा थर, फ्रीजमधलं उरलेलं : सगळं आल्यावेळी होतं तसं करून द्यावं लागतं. आल्या आल्या प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवले असतील तर निघताना वाद होत नाही. कचरा कुठे टाकायचा हे पहिल्याच दिवशी विचारा. गाद्या उचलून खाली बघा, मोजे आणि चार्जर तिथेच असतात.

शेवटचं आणि सगळ्यात गंभीर : गोचीड. या भागात काळ्या पायांची गोचीड असते आणि तिच्यातून लाइम रोग होतो. बारीक पिल्लं मे ते जुलै जास्त त्रास देतात, ती खसखशीएवढी असतात. जंगलात फिरताना लांब पँट, पायमोज्यांत खोचलेली, आणि अंगावर डीट हे किडे दूर ठेवणारं रसायन असलेला स्प्रे. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावायचं तर घरीच, आदल्या दिवशी. रोज रात्री मुलांच्या काखा, जांघा, कानामागे आणि केसांत बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी वगैरे आजीचे उपाय करू नका. लवकर काढली तर संसर्गाची शक्यता फार कमी असते. तीन-तीन पानांचं, स्पर्शाने खाज आणणारं पॉयझन आयव्ही आणि तांबूस पट्ट्यांचा विषारी कॉपरहेड साप यांची चित्रं मुलांना निघण्याआधी दाखवा. रचलेल्या लाकडांत हात घालू देऊ नका.

घरी पोहोचल्यावर कपडे धुण्याआधी थेट ड्रायरमध्ये टाकून १० मिनिटं कडक उष्णतेवर फिरवा, लपलेल्या गोचिडी त्याने मरतात. आणि पुढच्या महिनाभरात कोणाच्या अंगावर पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा विनाकारण ताप आला, तर डॉक्टरला पहिल्या वाक्यातच सांगा की आम्ही व्हर्जिनियाच्या जंगलात राहून आलो आहोत.